सासूबाईंची विळी

ये गं, अशी जवळ येऊन बस. तो फोन आधी पालथा घाल. कागदावरून जवळ कशी बसू, असं विचारशील; पण मी बोलते तसंच लिहिते, लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा तूही मी समोर बसून बोलतेय असंच समज. आणि आधी थोडं रागावून घेते, माया मागून करीन. गेल्या रविवारी फोनवर काय म्हणालीस तू? "मावशी, माझ्या टीममध्ये कुणाला काही सुचतच नाही. ॲप दिलंय, दर शुक्रवारी मीटिंग घेते, नवीन काही सांगा म्हणते, तर सगळे खाली मान घालून बसतात. शेवटी चिडले मी. म्हटलं, नुसते पगारापुरते येता का?"

असं बोलतात होय माणसांना? तिकडं माण गावात तुझं ते काचेचं ऑफिस, खाली झाडं लावलेली, वर वाफाळती कॉफी, आणि तू त्यांना पगार बोलून दाखवलास. आता पुढच्या शुक्रवारी ते बोलायचे तेही बोलणार नाहीत बघ. सुचत नाही असं माणूस नसतं बाई. सुचतं सगळ्यांना. ते सांगायचं कसं आणि कुणाच्या नावानं, तिथं घोडं पेंड खातं. हे मला शहाणपणानं कळलेलं नाही. आमच्या शेडमधल्या एका बाईनं आणि तिच्या सासूनं मिळून शिकवलं. ऐक.

आमचं काम तुला माहीत आहे, पण तू शेडमध्ये आलीस ती चहा पिऊन परत गेलीस, टेबलाजवळ कधी उभी राहिली नाहीस. गाडीच्या पत्र्याला भोक पाडतात, त्यातून तार जाते. पत्र्याची धार तारेला लागू नये म्हणून त्या भोकात रबराची कडी बसवतात. बांगडीसारखी, जाडसर. त्या कड्या आम्ही करतो. पुरुष प्रेसवर साच्यातून कड्या काढतात. साच्यातून निघालेल्या कडीला कडेनं पातळ पापुद्रा राहतो, डोशाला जाळी सुटते ना, तसा. तो काढायचं काम बायकांचं. एका हातात कडी, दुसऱ्या हातात छोटी सुरी, आणि दिवसभर फिरवत राहायचं. संध्याकाळी अंगठा असा आखडतो की भाकरी थापताना सरळ होत नाही.

ज्या कंपनीला आमचा माल जातो, तिथले एक साहेब महिन्यातून एकदा यायचे. आमच्या थोरल्याच्या वयाचे, पण मी साहेबच म्हणायची. माणूस चांगला. डब्यातलं जे पुढं करू ते खायचा, आणि न समजलेलं समजलं असं कधी म्हणायचा नाही. तो एकदा म्हणाला, "काकू, आता माल देणाऱ्या सगळ्यांनी आपापल्या कामगारांकडून सुधारणा मागवायच्या आहेत. काम सोपं कसं होईल, माल कमी वाया कसा जाईल. तुमच्या बायकांना विचारा."

मी म्हटलं, विचारते की. आमच्या ह्यांनी पत्र्याचा डबा केला, वरून फट पाडली, कुलूप लावलं आणि दाराशी टांगला. तुझं ते ॲप म्हणजे हाच डबा बघ, फक्त महाग. काही दिवसांनी उघडला तर आत बडीशेपेची रिकामी पुडी, बसचं तिकीट, आणि एक चिठ्ठी: चहात साखर कमी असते. मला इतका आनंद झाला! कुणीतरी काहीतरी सांगितलं! दुसऱ्याच दिवशी साखर वाढवली. त्याच दुपारी तिघीजणी तोंड पाडून आल्या, "काकू, आम्हाला शुगर आहे. आता चहा बंद करावा का आम्ही?" मग चहा बिनसाखरेचा आणि साखरेचा डबा शेजारी, असं केलं. चहाची साखरसुद्धा नीट पारखल्याशिवाय बदलू नये, हा माझा पहिला धडा.

डबा काढून टाकला. त्याऐवजी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यात डबा घेऊन बसायला लागले. एकीची मेथी, एकीचा ठेचा, आणि जेवता जेवता सहज म्हणायचं, "काय गं, हे काम असं का करतो आपण?" हळूहळू बोलायला लागल्या. पण कशा? कुणी म्हणे, "आमचे हे म्हणत होते, खुर्ची थोडी उंच पाहिजे." कुणी म्हणे, "शेजारणीचा भाऊ कंपनीत आहे, तो म्हणतो, कड्या थंड झाल्यावर कापा." मला वाटलं, बायका घरी जाऊन कामाचं बोलतात, घरची माणसं विचार करतात, किती छान.

त्यांच्यात एक लातूरकडची होती. नवऱ्याबरोबर इकडं आलेली, चऱ्होलीत भाड्याच्या खोल्यांत राहायची. दोन लेकरं आणि सासू. कामाला नेटकी, बोलायला कमी. पदर खोचून बसली की मान वर करायची नाही. एक दिवस भाकरी मोडता मोडता म्हणाली, "काकू, सासूबाई म्हणतात, एवढं सुरी फिरवत बसण्यापेक्षा विळीवर का नाही कापत?"

"विळीवर?"

"म्हणजे पातं टेबलाला उभं पक्कं बसवायचं. आणि कडी त्याच्यावर फिरवायची. भाजी नाही का आपण फिरवतो, विळी जागची हलत नाही. दोन्ही हात कडीला मिळतात."

मी भाकरीचा घास तसाच धरून बसले. जन्म गेला विळीवर भाजी चिरण्यात, आणि शेडमध्ये इतकी वर्षं सुरी! पण शेजारी आमची खाला बसली होती, ती फिस्सकन हसली. खाला म्हणजे आमची सगळ्यांत जुनी कामकरीण. नवऱ्याचं चिखलीला गॅरेज, पोरं मार्गाला लागलेली, पण ही घरी बसत नाही. तिला सगळ्या खालाच म्हणतात, म्हणजे मावशी.

"विळी? रबर कापायला?" खाला म्हणाली. "उद्या पाटा-वरवंटा आण म्हणावं तुझ्या सासूला. इथंच चटणी वाटू."

सगळ्या हसल्या. लातूरचीपण हसली. त्या हसण्याकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही. ती दुसऱ्याच कुणावर हसावं तशी हसली होती, मोकळी.

आमच्याकडं तेव्हा एक रीत मी पाडली होती. कल्पना जिची, तिनं ती करून दाखवायची नाही. आपलं लेकरू कुणाला काळं दिसत नाही; जिची कल्पना, ती हट्टानं, वाकडंतिकडं करून ती चालवूनच दाखवते. म्हणून जी सगळ्यांत जास्त नाकं मुरडेल तिच्या हातात द्यायची. ह्यांनी लाकडाच्या ठोकळ्यात पातं बसवून दिलं आणि मी ते खालाच्या पुढ्यात ठेवलं.

पहिल्या दिवशी खालानं कड्यांची नुसती दैना केली. एकेक कडी हातात धरून मला दाखवायला यायची, "देखो काकू, ही कडी हाय का कातरलेली करंजी?" लातूरची आपल्या जागेवरून बघायची आणि म्हणायची, "सासूबाईंना विचारून सांगते." दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर घेऊन हजर: "सासूबाई म्हणाल्या, पातं पलीकडं जरा कलतं करा. काकडी सरळ धरली तर जाड फोड निघते." पातं कलतं केलं. थोडं जमलं. मग पापुद्रा मध्येच तुटायला लागला. परत, "विचारून सांगते." परत सकाळी उत्तर: "सासूबाई म्हणाल्या, सुरुवात जोडापासून करा, साचा जिथं मिटतो तिथून."

खाला वैतागली. "तुझी सास घरी बसून हुकूम सोडते! एक दिवस इथं येऊन बस म्हणावं. अंगठा दाखवते मी माझा."

मीपण मनात म्हणत होते, काय डोकं आहे म्हातारीचं.

साहेबांना दाखवलं तर त्यांचा चेहरा गंभीर झाला. "काकू, कल्पना चांगली आहे, पण हे उघडं पातं मी चालू देणार नाही. एखादीचं बोट गेलं तर?" बरोबरच होतं त्यांचं. पण नाही म्हणून ते निघून गेले नाहीत, टेबलाशी बसून राहिले. खालाचे हात बघत राहिले. पुढच्या खेपेला पितळेची एक छोटी पट्टी घेऊन आले: पात्याच्या अलीकडं अडसर, कडी जाईल पण बोट जाणार नाही, आणि पातं पापुद्र्याच्या पलीकडं आत घुसणार नाही. विळी आमची आणि अडसर त्यांचा. दोन्ही मिळून काम जमलं. तेही गोल कड्यांपुरतं. लांबट कड्या त्याच्यावर फिरतच नाहीत, त्यांना सुरीच लागते. अजूनही लागते.

आणि जमलं हे कळलं कसं, सांगू? मोजमाप साहेबांनी केलं ते वेगळं. मला कळलं ते असं की एक दिवस धार लावायला म्हणून मी तो ठोकळा उचलला, तर खालानं माझं मनगट धरलं. "राहू दे ना," म्हणाली. बस. तोंडानं तिनं कधी चांगलं म्हटलं नाही, अजूनही म्हणत नाही. पण वस्तू उचलायला गेलं आणि कुणी हात धरला, की समजावं.

त्याच सुमाराला चाकणच्या बाजूला आमची दुसरी शेड उभी राहत होती. तिथं बायकांच्या टेबलावर एक मुख्य बाई लागणार होती; काम शिकवणारी, माल बघून पुढं सोडणारी. तिला एकच शिफ्ट, ओव्हरटाइम नाही, आणि न्यायला-आणायला व्हॅन. साहेबांचं म्हणणं, जिनं स्वतः काम सुधारलंय अशीच बाई तिथं घ्या, दुसऱ्या कुणाचं त्या ऐकणार नाहीत. मला खाला हवी होती. खाला म्हणाली, "मी नाही बाबा, माझे गुडघे इथंच ठीक आहेत." आणि मग हळूच म्हणाली, "ती लातूरवाली बघ. काल व्हॅनवाल्याला विचारत होती, चाकणची गाडी चऱ्होली फाट्यावर थांबणार काय म्हणून. दोनदा विचारलं."

मी चाट पडले. कारण तिच्या घरचं मला ठाऊक होतं. दिवाळीनंतर सासू कायमची गावी जाणार होती. आमच्याकडं शिफ्ट बदलती, ओव्हरटाइम असला की उशीर, मग लेकरांना कोण बघणार? घरात ठरून गेलं होतं की दिवाळीला हिनं काम सोडायचं. ती मला तसं सांगूनही गेली होती, "आई म्हणतात, बास आता." चाकणचं काम मिळालं तर ती राहणार, नाही मिळालं तर चालली. इतकं सरळ होतं ते. आणि ही बया मला एका शब्दानं बोलली नव्हती. ड्रायव्हरला विचारत होती!

पण अडचण बघ. साहेब म्हणत होते, जिनं काम सुधारलं ती. आणि काम सुधारलं होतं तिच्या सासूनं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी सगळी यंत्रं बंद. सकाळपासून धुणं-पुसणं, प्रेसला झेंडूच्या माळा, सुऱ्यांना हळदकुंकू. सगळ्यांच्या घरची माणसं येतात, लेकरं प्रेसला हात लावून बघतात, साहेबसुद्धा येतात. साहेब आधीच म्हणाले होते, "काकू, आमच्या कंपनीत ज्याची कल्पना असते तोच उभा राहून सगळ्यांना समजावून सांगतो. त्या सासूबाईंना बोलवा ना. त्यांनाच सांगू दे."

मी लातूरचीला म्हटलं, तर तिचा चेहरा उतरला. "त्यांना बरं नाही." मग म्हणाली, "त्या कुठं येत नाहीत." मग, "त्यांना रबराचा वास सोसत नाही." मला वाटलं, संकोच. संध्याकाळी तिचा नवरा मोटरसायकल घेऊन फाटकाशी आला, तेव्हा मीच त्याला सांगितलं. तो भला माणूस म्हणाला, "आणतो की काकू, त्यात काय!"

आणलं त्यानं. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, पोराच्या मागं गाडीवर बसून वाऱ्यानं पदर उडालेला. बायकांनी हाताला धरून आत आणलं. टेबलावर ती विळी मांडली होती, पितळेच्या पट्टीला झेंडूचं फूल. साहेबांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आजी, हे तुम्हाला कसं सुचलं, ते सांगा सगळ्यांना."

म्हातारीनं विळीकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. "काय सुचलं?"

"ही विळी. तुम्हीच सांगितली ना सूनबाईंना?"

"माय! मी कशाला सांगू? मी जल्मात रबर कापलं नाही." मग ती सुनेकडं वळली. "मी कवा म्हणलं गं विळीचं? माझ्या नावावर काय काय खपवायलीस?"

लातूरची जमिनीकडं बघत उभी. मग कुणीतरी मागनं खुसखुसलं. दुसरीनं तोंडाला पदर लावला. सासूबाई म्हणाल्या, "हसायला काय झालं? तुमी बी खपवता का सासूच्या नावावर?" खाला म्हणाली, "माझी सास वारली, नाहीतर मी पण खपवलं असतं." मग एकीनं कबूल केलं, खुर्चीचं ह्यांनी नव्हतं म्हटलं, मीच म्हटलं होतं. दुसरी म्हणाली, शेजारणीला भाऊच नाही. आणि खाला माझ्याकडं बोट करून म्हणाली, "काकू, तुम्ही पण! कधी बघावं तर 'आमचे हे म्हणतात.'" आमचे हे माळ हातात धरून उभे होते, ते म्हणाले, "मी कधी काय म्हणालो?" तेव्हा मात्र सगळी शेड हसली.

सासूबाई हसल्या नाहीत. चहा ठेवला तो घेतला नाही. पोराला म्हणाल्या, "चल." आणि सूनही मागोमाग निघून गेली, डबासुद्धा इथंच विसरून.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर सगळ्या आल्या, ती आली नाही. पुढच्या दिवशीही नाही. साहेबांचा फोन आला, चाकणला कोण, ते कळवा. मी म्हटलं, थांबा जरा. आणि खालाला बरोबर घेऊन दुपारी चऱ्होलीला गेले.

तुला आठवत असेल, पूर्वी तिथं नुसती शेतं होती. आता इमारतींमागं इमारती, आणि मध्येच दोन-चार जुनी घरं दबून बसलेली. त्यातल्याच एकाच्या मागच्या खोल्या. सासूबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत, पण पाट सरकवला. सुनेला आतून हाक मारली, "चहा टाक."

खालानंच सुरुवात केली. "बहन, माफी मागायला आले. मी तुमच्या नावानं लई बोलले."

"काय बोललीस?"

"पाटा-वरवंटा आणा म्हटलं."

"अजून?"

"घरी बसून हुकूम सोडते म्हटलं."

म्हातारीच्या ओठाचा कोपरा हलला. "म्हंजे शिव्या मला, आन् शाबासकी बी मला."

चहा घेऊन सून बाहेर आली. तिला बघून सासूबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मला वाटलं, सून चांगलं काम करायली म्हणून मला मानानं बोलवायलेत. नवं लुगडं काढलं मी. ह्या गावात आल्यापासून मला कुणी कशाला बोलावलं नव्हतं. आन् तिथं जाऊन मीच खोटी पडले."

सुनेचे डोळे भरले. म्हणाली, "आई, माझं म्हणून सांगितलं असतं आणि माल बिघडला असता, तर सगळ्या मला बोलल्या असत्या. खाला तुम्हाला बोलायची, तेव्हा मला काही लागत नव्हतं. उलट कळायचं, कुठं चुकतंय ते. रात्रभर विचार करायची आणि सकाळी तुमचं म्हणून सांगायची."

"आन् मला घरी का नाही विचारलंस?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"म्हणालेच असते! बोट कापतंय विळीवर," म्हातारी म्हणाली. साहेबांनीही हेच म्हटलं होतं, मला आठवलं.

मग मी चाकणचं काढलं. म्हटलं, तुझं नाव घ्यायचं का नाही, तेवढं सांग. ती पदराचं टोक पिळत उभी. म्हणाली, "आई म्हणतात..."

सासूबाईंनी शेंगांचं सूप खाली आपटलं. "आई काय म्हणतात ते आई सांगंल. आईला तोंड हाय. तुला काय म्हणायचंय?"

शेजारच्या इमारतीवर कुणीतरी फरशी कापत होतं, ते यंत्र बंद झालं तेव्हा ती बोलली.

"मला चाकणला जायचंय."

अगं, एवढंसं वाक्य. पण मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, आणि तिच्या तोंडून असं वाक्य पहिल्यांदा ऐकत होते. खालानं माझा हात दाबला.

म्हातारी मात्र एकदम खूश झाली, असं काही समजू नकोस. ती शेंगांकडं बघत म्हणाली, "मग मी गावाकडं कवा जाऊ?" तिचं घर तिकडं, बहीण तिकडं, जीव तिकडं. एकच शिफ्ट झाली तरी शाळा सुटल्यापासून व्हॅन येईपर्यंत लेकरांजवळ कुणीतरी लागणारच, त्यासाठी ती इथं अडकलेली. एकीचं चांगलं झालं त्याचं ओझं दुसरीच्या डोक्यावर आलं, आणि त्या दुसरीला आम्ही विचारलंही नव्हतं. तेव्हापासून कुणी नवीन काही सुचवलं की मी आधी हे बघते: ह्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर जाणार आणि त्या माणसाला विचारलंय का. तुझ्या ऑफिसात कुणी हे विचारतं का, बघ.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "उन्हाळ्यापत्तुर थांबते. पुढचं पुढं." असे कितीतरी उन्हाळे गेले. त्या अजून इथंच आहेत, आणि अजून दर महिन्याला म्हणतात, पुढच्या महिन्यात जाते.

साहेबांनी सुनेला शेडमध्ये उभं करून सगळं विचारलं. पातं कलतं का, जोडापासून का. तिनं सांगितलं, हात दाखवत, आधी अडखळत. मग त्यांनी विचारलं, "लांबट कड्यांचं काय?" ती म्हणाली, "त्या जमत नाहीत साहेब. त्यांना सुरीच बरी." साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "काकू, ह्याच पाहिजेत." मला वाटतं, त्या 'जमत नाहीत'वर त्यांनी तिला निवडलं.

आता गंमत ऐक. ती चाकणला गेल्यावर आमच्या शेडमध्ये एक नवीन रीत आपोआप पडली. कुणाला काही सुचलं की ती म्हणते, "सासूबाई म्हणतात..." आणि सगळ्या समजतात. मग त्या सासूबाईला वाट्टेल ते बोलायचं, धुऊन काढायचं, तिच्या अकलेचे वाभाडे काढायचे. जिची कल्पना ती शेजारीच बसून हसत असते आणि कान देऊन ऐकत असते. कल्पना पडली तर सासूबाईची पडली. टिकली, कुणी हात धरून 'राहू दे' म्हणालं, तर खंडेनवमीला विचारायचं, ही सासूबाई कोण? आणि तिनं उठून आपलं नाव सांगायचं. ते मात्र सांगायलाच लागतं, त्यातून सुटका नाही. कुमारिका आणि विधवासुद्धा सासूबाई म्हणतात. प्रेसवरचे पुरुषही म्हणायला लागलेत, आणि त्यांना फार मोठ्यानं हसायला येतं.

खऱ्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या खालाला म्हणाल्या, "म्हंजे शिव्या अजून मलाच हायेत की." पण दर खंडेनवमीला येतात, नवं लुगडं नेसून. आता त्यांचा मान ठरलेला आहे. पहिलं फूल विळीला त्या वाहतात.

तेव्हा तू काय कर, त्या शुक्रवारच्या मीटिंगमध्ये आधी माफी माग. पगाराचं बोललीस त्याची. मग त्यांच्यात डबा घेऊन बस; काचेच्या खोलीत नाही, जिथं ते जेवतात तिथं. कुणी म्हणालं, "माझा एक मित्र म्हणतो," तर मित्र कोण, असं विचारू नकोस. त्या मित्राला जेवायला वाढ. त्याच्याशी भांड. आणि तुझ्या ॲपमध्ये चहाच्या साखरेची चिठ्ठी आली असेल तर तीसुद्धा नीट वाच.

आणि आता मायेचं. किती दिवस झाले तुला बघून! माणहून इथं आमच्या मोशीला यायला असा किती वेळ लागतो? ट्रॅफिकचं सांगू नकोस, ट्रॅफिक आम्हालाही आहे. येत्या रविवारी ये. मी तुला चाकणला नेते, लातूरची आता तिथल्या सगळ्या बायकांना दरडावते, ऐकायला मजा येते. येताना चऱ्होलीला थांबू. मी त्यांना सांगून ठेवलंय, काचेच्या ऑफिसातली माझी भाची येणार आहे. सासूबाई म्हणाल्या, "येऊ दे, शेंगा फोडायला बशीव तिला." आणि हे खरंच त्याच म्हणाल्या बरं, मी त्यांच्या नावावर खपवत नाही. ये लवकर.